सुटीत कुठे जावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत एखाद्या सभासद भगिनीने आपल्या आवडीच्या विषयावर अर्धा तास बोलावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा तो मान माझ्याकडे आला. विषय शोधायला मला फार लांब जावे लागले नाही. मुलांच्या परीक्षा संपत आल्या की जो प्रश्न आपल्या प्रत्येकीच्या घरात निघतो, तोच मी घेतला आहे. सुटीत कुठे जावे?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याची उत्तरे ऐकली की गंमत वाटते. मुले म्हणतात, जिथे बर्फ आहे तिथे. घरधनी म्हणतात, जिथे खर्च बेताचा तिथे. सासूबाई म्हणतात, जिथे देव आहे तिथे. आणि घरच्या गृहिणीला कुणी विचारलेच, तर ती म्हणते, "तुम्ही सगळे जाल तिथे." तिच्या या उत्तराला आपण समजूतदारपणा म्हणतो. आज मला त्या उत्तराविषयीच थोडे बोलायचे आहे. पण त्याआधी प्रवासाविषयी चार गोष्टी सांगते, म्हणजे पुढचे बोलणे आपल्याला पटेल.

आपल्या लहानपणी डॉक्टरांच्या तोंडी एक शब्द असे : हवापालट. माणूस खंगला, चिडचिडा झाला, अन्न गोड लागेनासे झाले की डॉक्टर औषधाबरोबर हवापालट सांगत. मला वाटते, सुटीचे सारे मर्म या एका शब्दात आहे. रोज जे पाहतो त्याहून वेगळे पाहावे, रोज जे खातो त्याहून वेगळे खावे, रोज कानावर पडते त्याहून निराळी बोली ऐकावी, आणि ताजे होऊन घरी यावे. मग ज्या देशात ही पालट पावलोपावली मिळते, त्या देशाची ओढ साऱ्या जगाला वाटली तर नवल काय?

असा देश आपला आहे. रात्री गाडीत बसावे आणि सकाळी उतरावे, तो पाट्यांवरची अक्षरे बदललेली, पातळ नेसण्याची तऱ्हा बदललेली, चहा देण्याची भांडीसुद्धा बदललेली! आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, आणि ज्या तीत नाहीत त्यांची तर मोजदादच कठीण. जागतिक वारशाच्या यादीत २०२५ सालापर्यंत भारतातील ४४ स्थळे गेली. त्यांतली अगदी पहिली चार १९८३ साली निवडली गेली, आणि त्या चारांत अजिंठा आणि वेरूळ ही दोन होती. अजिंठ्याची लेणी म्हणजे आपल्या जिल्ह्याची शीव ओलांडली की आलीच. परदेशातली माणसे समुद्र ओलांडून ज्यासाठी येतात, ते आपल्या उशापाशी आहे. तरी या सभेत बसलेल्या किती जणींनी ती लेणी पाहिली आहेत, हे मी हात वर करायला सांगून विचारणार नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपल्यासाठीच कुणी केली असावी.

आता अजिंठाही बाजूला ठेवू. आपला बुलढाणा जिल्हाच घ्या. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा. वऱ्हाडाच्या पश्चिम टोकाला असल्यामुळे इकडे खानदेश, तिकडे मराठवाडा आणि वर मध्य प्रदेश, असे याचे शेजार. बाहेरचा माणूस सरसकट आपल्याला 'विदर्भातले' म्हणतो. पण आपण एकमेकींना भेटलो की पहिला प्रश्न काय विचारतो? "तुम्ही घाटावरच्या की घाटाखालच्या?" या प्रश्नातच जिल्ह्याचा सारा भूगोल आला.

हा जिल्हा मला तीन पायऱ्यांच्या घरासारखा वाटतो. उत्तरेला सातपुडा : डोंगर, जंगल आणि पाडे. त्याच्या पायथ्याला पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे. तिथे मलकापूर, नांदुरा, शेगाव ही रेल्वेची गावे आणि कापसाच्या पेठेसाठी नाव मिळवलेले खामगाव. खामगावला कापसासाठी मुद्दाम आगगाडीचा फाटा काढला, तो १८७० सालची गोष्ट. आणि दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर चढून आले की घाटमाथा : बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा.

माझे माहेर घाटाखाली आणि सासर घाटावर. लग्न होऊन मी घाट चढले, तो माझ्या आयुष्यातला पहिला खरा प्रवास. अंतर ते किती? एस. टी.ने दोन तासांचे. पण हवा गार, विहिरीचे पाणी गोड, बोलण्याचा हेल निराळा, आणि भाजीचा रंगसुद्धा निराळा. माहेरी कळण्याच्या भाकरीवर आणि भरितावर वाढलेली मी. मलकापूरकडचे आमचे भरीत खानदेशाशी नाते सांगणारे. सासरी पहिल्या महिन्यात जेवताना मी मनातल्या मनात तुलना करी. पुढे दोन्ही चवी माझ्या झाल्या. भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकींचे असेच झाले आहे. दुसरा मुलूख, दुसरी रीत, दुसरी चव आपलीशी करणे, हे पर्यटनाच्या पुस्तकांनी आपल्याला शिकवण्याची गरज नाही. प्रत्येक सासुरवाशीण ते शिकलेली असते. मात्र ती ते कर्तव्य म्हणून शिकते. आनंद म्हणून शिकण्याची संधी तिला मिळत नाही.

या घाटमाथ्याची आणखी एक मौज सांगते. डोंगराच्या उतरणीवर पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्यांनी खाली पूर्णेत जातो, पूर्णेतून तापीत आणि तापीतून अरबी समुद्रात. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस पैनगंगेने वर्धेकडे जातो, पुढे गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागराला पोचतो. म्हणजे एकाच ढगातल्या दोन सरी : एक पश्चिम समुद्राला, एक पूर्व समुद्राला! आणि गंमत अशी, की घाटाखालची पूर्णा तापीची, तर देऊळगावराजाकडची खडकपूर्णा गोदावरीची. एका जिल्ह्यात दोन पूर्णा, दोघींच्या दिशा दोन. शाळेत आपण हे नकाशावर रंगवले असेल. त्या माथ्यावर उभे राहून दोन्हींकडे नजर टाकणे निराळे.

आता लोणारला चला. बेसॉल्टच्या काळ्या खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे हे विवर पडले आहे. एकेकाळी लोक त्याला ज्वालामुखीचे तोंड समजत. १९७० नंतरच्या वर्षांत भूशास्त्रज्ञांनी तिथे छिद्रे पाडून खडकांचे नमुने तपासले, आणि आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने ते झाले, हे सिद्ध केले. अशा खडकात झालेली आणि इतकी शाबूत राहिलेली विवरे जगात फार थोडी. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे सांगत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीने ते साडेपाच लाख वर्षांच्या पुढे नेले. तळाशी खारट, क्षारयुक्त पाण्याचे सरोवर, आणि वर काठाजवळ गोमुखातून पडणारी गोड्या पाण्याची धार. एका खळग्यात दोन पाणी! २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा वर्तमानपत्रांत केवढी चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. त्याच वर्षी रामसर करारातील पाणथळ स्थळांच्या यादीत लोणारचे नाव गेले.

गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे. विष्णूने लवणासुराला मारले आणि हा खड्डा त्याचे घर, असे पुराण सांगते. 'लवण' म्हणजे मीठ, आणि पाणी तर खारट! पुराण आणि शास्त्र दोन्ही एकाच काठावर बसून आपापली कथा सांगत आहेत, आणि ऐकणारी मुलगी दोन्ही ऐकून घरी येते. असे सुटीतले शिक्षण कोणत्या शिकवणीत मिळणार?

लोणारहून सिंदखेडराजाला जावे. १२ जानेवारी १५९८ ला जिजाबाईंचा जन्म जिथे झाला, तो लखुजीराव जाधवांचा वाडा तिथे उभा आहे. लखुजीरावांची भव्य समाधी आहे, मोती तलाव आहे. दर १२ जानेवारीला तिथे लाखो माणसे जमतात. पण मी म्हणेन, एखाद्या शांत दिवशीही जावे. वाड्याच्या दरवाजात उभे राहून या लेकीच्या आयुष्याचा रस्ता मनात आखून पाहावा. सिंदखेड, मग शिवनेरी, पुणे, राजगड, आणि शेवटी रायगडाखालचे पाचाड, जिथे १६७४ साली त्यांनी देह ठेवला. मध्येच १६२९ साली वडील आणि भाऊ देवगिरीला दग्याने मारले गेले. तो प्रवास सुटीचा नव्हता. पण केवढा मुलूख त्या बाईने पाहिला, ओळखला आणि मनात धरला! मुलूख पाहिल्याशिवाय त्याची माया कशी लागावी?

बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगा अभयारण्य लागते. १९९७ साली ते घोषित झाले. बिबटे, अस्वले, नीलगाई तिथे आहेत. २०१९ साली या जंगलात एक पाहुणा आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलात जन्मलेला एक तरुण वाघ. त्याच्या गळ्यात वनखात्याने पट्टा बांधला होता, म्हणून त्याची वाट कळली. तेलंगण आणि महाराष्ट्राचे जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडत, शेतांतून, नाल्यांतून, रात्री रस्ते पार करत त्याने सुमारे तीन हजार किलोमीटरांची भटकंती केली आणि तो आपल्या ज्ञानगंगेत येऊन थांबला. मी ती बातमी वाचली तेव्हा कौतुक वाटले आणि हसूही आले. त्याला निघताना कुणी विचारले नसेल, "मागे घरी कोण बघणार?"

आता माणसांकडे वळू. शेगावला आपण सगळ्याच जातो. १८७८ साली गजानन महाराज तिथे प्रकटले आणि १९१० साली समाधिस्थ झाले. तिथली स्वच्छता आणि सेवेकऱ्यांची नम्रता पाहून बाहेरगावचा माणूस थक्क होतो. आणि शेगावची कचोरी? फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने १९५० साली रेल्वे स्टेशनवर ती सुरू केली. आपण 'आमची शेगावची कचोरी' म्हणून पाहुण्यांना वाढतो, ती मुळात उत्तरेकडून आलेल्यांच्या हातची. तिला परकी म्हणण्याचे धाडस आज कुणी करील काय?

चिखलीकडे सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि येणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात. देऊळगावराजा तालुक्यातले मेहुणाराजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानतात. त्याच देऊळगावात बालाजीची मोठी यात्रा. मेहकरला १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची काळ्या दगडाची मूर्ती. तिच्यापुढे उभे राहिले की शब्द सुचत नाहीत. तिकडे जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि पाऊसपाण्याचा अंदाज ऐकायला शेतकरी पहाटेपासून जमतात. अंदाज खरे ठरोत वा न ठरोत, पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या जिवाची काय घालमेल होते, ते तिथे दिसते.

आणि आता मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत कोरकू, भिलाला, निहाल हे समाज राहतात. कोरकू भाषेचे नाते मराठीशी नाही, तेलुगूशी नाही. ते थेट झारखंडातल्या मुंडारी आणि संथाली भाषांशी आहे. निहालांची निहाली भाषा तर त्याहून विलक्षण. भाषाशास्त्रज्ञांनी कसून शोध घेतला, पण जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते अजून जुळलेले नाही. कायपर नावाच्या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. ती बोलणारी माणसे उरली आहेत दोन-अडीच हजार. जगात कुठेही नातलग नसलेली ही भाषा आपल्या जिल्ह्यात, आपल्या बहिणी बोलतात; आणि आठवडी बाजारात आपल्याशी बोलताना त्या मराठी बोलतात, कारण आपल्याला त्यांचा एकही शब्द येत नाही. विविधतेचा अभिमान भाषणात सांगायला सोपा असतो. पण बाजारात डिंक, मोहफुले घेऊन बसलेल्या बाईला भावाची घासाघीस सोडून दुसरे काही विचारावे, हे आपल्या मनात कधी आले होते का?

म्हणून मी म्हणते, विविधता पाहायला जाणाऱ्याने थोडी रीत पाळावी. सातपुड्यातल्या पाड्यात गेलो तर न विचारता कुणाच्या अंगणात शिरू नये, लेकरांचे फोटो काढत सुटू नये. कुणाच्या जेवणाला नाक मुरडू नये. पूर्णेच्या खोऱ्यात गेलो तर हिरवी शेते पाहून येऊ नये, तिथले पाणीही चाखावे. तो खारपाणपट्टा आहे. माझ्या माहेरच्या बाजूला गावेच्या गावे खाऱ्या पाण्यावर दिवस काढीत आली. मूत्रपिंडाच्या आजाराने कुटुंबे खचली, आणि गोड पाण्यासाठी लांबवर हंडे घेऊन गेल्या त्या बायकाच. आपला मुलूख सुंदर आहे तसा कष्टीही आहे. पाहुण्याने दोन्ही पाहिले, म्हणजे त्याचे येणे यजमानाला जड वाटत नाही.

इथवर मी आपल्याला जिल्हा फिरवला. आता मघाच्या त्या चौथ्या उत्तराकडे येते.

आपल्या आजी-पणजी प्रवास करीत नव्हत्या असे नाही. पंढरी, काशी, रामेश्वर, माहूर त्यांनी केले. शेगावहून पालखी पायी पंढरपूरला जाते, सातशे किलोमीटरांहून अधिक. तिच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला नवे गाव आणि नवी बोली. पंडिता रमाबाई तर बालपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थे हिंडत हजारो मैल पायी चालल्या, आणि पुढे त्यांनी समुद्रापलीकडचा देश पाहून त्यावर मराठीत पुस्तक लिहिले. देवाच्या नावाने निघालेल्या बाईला सहसा कुणी अडवले नाही; तिने देवदर्शनाबरोबर नद्या पाहिल्या, शहरे पाहिली, समुद्र पाहिला. तेच तिचे पर्यटन होते. मी त्याला हसणार नाही. पण आपल्या पिढीने एक पाऊल पुढे टाकायला हवे. "मला पाहावेसे वाटते," एवढे कारण बाईला पुरेसे असावे. त्यासाठी नवस बोलावा लागू नये.

आणि दुसरे असे, की सहलीला गेलेल्या बाईला सुटी असतेच असे नाही. निघायच्या दिवशी पहाटे चारला उठून पुऱ्या तळायच्या, दशम्या बांधायच्या. तिथे पोचल्यावर पाने मांडायची. मुले आणि पुरुष पाण्याकडे पळाले की पिशव्या सांभाळत झाडाखाली बसायचे. घरी आल्यावर सगळ्यांचे कपडे धुवायचे. जागा बदलली, काम तेच. याला हवापालट म्हणता येईल का?

आमच्या गल्लीत एक आजी राहतात. त्यांच्या घरी सतत पाहुण्यांचा राबता. मुंबई-पुण्याचे नातेवाईक येत, त्यांना लोणार पाहायचे असे. आजी डबे भरून देत. चाळीस वर्षे त्यांनी लोणारला जाणाऱ्यांचे डबे भरले. पाहुणे परत आले की विचारीत, "कसे असते हो?" ते सांगत, मोठा खड्डा असतो, पाणी असते, माकडे असतात. आजी मान डोलवीत. एकाहत्तराव्या वर्षी आम्ही चौघी-पाच जणी त्यांना एस. टी.त घालून घेऊन गेलो. विवराच्या काठावर त्या बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटले, आता काहीतरी मोठे बोलतील. त्या एवढेच म्हणाल्या, "हे इतके जवळ होते होय?"

भगिनींनो, त्या वाक्यावर मी फार विचार केला आहे. लांबचे पाहायचे राहिले तर मनुष्य म्हणतो, योग नव्हता. जवळचे राहिले तर काय म्हणावे? आजींना कुणी 'जाऊ नका' म्हटले नव्हते. घरचे भले लोक होते. फक्त 'चला' असे कुणी म्हटले नाही, आणि 'मी येते' असे म्हणायची त्यांना सवय नव्हती.

आता पैशाची सबबही पूर्वीइतकी राहिलेली नाही. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास सुरू झाला. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून भाडेच माफ झाले. सभेला येताना मी स्टँडवर पाहते, गाडीत निम्म्याहून अधिक बायका असतात. कुणी माहेरी, कुणी दवाखान्यात, कुणी बाजाराला निघालेली. नुसते पाहायला निघालेली त्यांत एखादीच.

म्हणून या वर्धापनदिनी मी मंडळापुढे काही सूचना ठेवते. कार्यकारी मंडळाने त्यांचा विचार करावा.

पहिली : वर्षातून चार वेळा, ऋतू पाहून, मंडळाने एका दिवसाची सहल काढावी. पावसाळ्यानंतर ज्ञानगंगेचे जंगल, थंडीत लोणार आणि सिंदखेडराजा, एकदा अजिंठा, आणि एकदा घाटाखाली उतरून सातपुड्याचा पायथा. देवस्थान वाटेत आले तर अवश्य हात जोडावेत; पण एक तरी सहल अशी असावी, जिच्यात देवदर्शनाचे निमित्त नाही.

दुसरी : त्या दिवशी कुणीही स्वतःपुरत्या शिदोरीपेक्षा जास्त काही बांधून आणू नये. शक्य तिथे त्या गावातल्या बचत गटाच्या बायकांना आधी सांगून त्यांच्या हातचे जेवावे आणि रास्त पैसे द्यावेत. आपल्याला आयते ताट मिळेल आणि दुसऱ्या बाईच्या हाती चार पैसे पडतील. घरी त्या दिवशीचा स्वयंपाक घरच्यांनी करावा. वरण पातळ झाले तर होऊ द्यावे.

तिसरी : ज्या ठिकाणी जाऊ, तिथे बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे की नाही, हे पाहून मंडळाने लेखी कळवावे आणि नसेल तर पाठपुरावा करावा. प्रवासात दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका किती आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे; मोठमोठ्या योजना आखणाऱ्यांच्या ते ध्यानात येत नाही. ही लाजायची गोष्ट नाही, मागायची आहे.

चौथी : परत आल्यावर प्रत्येकीने सभेत एकच नवी गोष्ट सांगावी. एखादा शब्द, एखादी भाजी, एखादे झाड, एखाद्या बाईची ओळख. वर्षभरात त्याची वही होईल, आणि पुढच्या स्मरणिकेला मजकूर शोधत बसावे लागणार नाही!

समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबई-नागपूरच्या मोटारी आपल्या सिंदखेडराजा-मेहकरच्या बाजूने वाऱ्यासारख्या जातात. त्यांतली काही थोडी माणसे उतरून लोणार पाहतात. बाकीच्यांना आपला जिल्हा म्हणजे खिडकीतून सरकणारे शेत. त्यांना थांबवायचे असेल तर इथे काय आहे ते सांगणारी माणसे हवीत, आणि पाहिल्यावाचून कोण काय सांगणार? आपल्या मुलीला काश्मीर अवश्य दाखवा, केरळ दाखवा, जमले तर समुद्रापलीकडचे देशही दाखवा. पण तिला कुणी विचारले, "तुमच्या बुलढाण्यात काय आहे?" तर तिने खाली मान घालू नये. तिने सांगावे, आमच्याकडे दोन पूर्णा आहेत, एका खळग्यात दोन पाणी आहेत, आणि साऱ्या जगात नातलग नसलेली एक भाषा आहे. आणि हे तिला पुस्तकातून नव्हे, तर आईचा हात धरून कळलेले असावे.

तेव्हा या सुटीत घरात प्रश्न निघाला, "कुठे जायचे?" तर भगिनींनो, "तुम्ही जाल तिथे" हे उत्तर यंदा देऊ नका. एका गावाचे नाव घ्या. जवळचे घ्या, पण स्वतःचे घ्या.